अडथळा: नाही

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बत्तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात; यांनी भंगारातून जीप उचलली आणि तिच्या बंपरवर विंच बसवली, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारी मोटार. दर रविवारी जंगलातल्या कच्च्या वाटेवर आडवी पडलेली झाडं कापायची, ओंडके ओढून बाजूला लावायचे, खचलेल्या कडेला दगड भरायचे. डिझेल स्वतःचं, पाठदुखीही स्वतःचीच.

"घरातला पंखा चार महिने कुरकुरतोय," ताई म्हणायची, "पण तो जंगलात पडलेला नाही ना, यांना कसा दिसणार!"

"विंच लावू का त्याला?" म्हणत दाजी चहा अर्धा टाकून पळायचे.

जंगलात गाडी न्यायला वनखात्याकडून स्वयंसेवकाचा परवाना लागायचा. अट एकच: परतताना नाक्यावर फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना होता, 'वाटेत अडथळा'. डेपोत गाडी दुरुस्त झाली की कार्डावर 'दोष नाही' लिहूनच ती बाहेर सोडायची, ही दाजींची जुनी सवय. इथंही तेच. कमरेइतका जाड बुंधा तीन तास कापून आलेला हा माणूस, भुशानं माखलेल्या बोटांनी अगदी प्रामाणिकपणे लिहायचा: 'नाही'. अकरा वर्षं!

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाला मी सोबत गेलो. नव्या साहेबांनी फाइल चाळली.

"काका, अकरा वर्षांत वाटेत एक फांदीसुद्धा नाही?"

"होती ना, साहेब. मी काढली."

"तसं इथं दिसत नाही."

"काढल्यावर कशी दिसेल?"

मला हसू फुटलं. साहेबांना नाही. 'देखभालीची गरज नाही' असा शेरा मारून त्यांनी परवाना बंद केला.

जिन्यात दाजी म्हणाले, "मी खोटं लिहायला हवं होतं?"

"खरं लिहायला हवं होतं," मी म्हणालो. एरवी माझ्या विनोदांचा मला अभिमान असतो. हा मात्र परत घेता आला असता तर बरं झालं असतं.

दाजींच्याबरोबर वाट साफ करायला येणारा फोटो स्टुडिओवाला फॉर्ममध्ये काडीलाही ओंडका लिहिणारा. त्याला पाच वर्षांचा परवाना मिळाला. पुढच्या वादळानंतर त्याचा फोन आला, "दाजी, माझ्या गाडीतून चला. मोठं झाड पडलंय."

"जाऊ नका," ताई म्हणाली. पण दाजी पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन कधीच दारात उभे होते. मीही निघालो.

झाडाचा भार कुठल्या बाजूला आहे ते पाहून दाजी करवतीची दोरी ओढणार, तोच स्टुडिओवाला ओरडला, "थांबा, थांबा! आधी फोटो! दाजी, जरा सरका, गाडीचा नंबर झाकला जातोय."

दाजी सरकले.

"अजून थोडे. हां, आता तुम्ही दिसत नाही."

दाजींनी करवत त्याच्या पायाशी ठेवली. "आता तूच काप," म्हणाले आणि नाक्याकडे चालू लागले. नाका सहा किलोमीटरवर. मागून हाकांवर हाका येत होत्या, कारण करवत सुरू कशी करतात हे स्टुडिओवाल्याला ठाऊक नव्हतं.

मी धापा टाकत मागोमाग गेलो. दाजी वाटेत आलेला एकेक दगड तेवढा पायानं कडेला सारत चालले होते.