वजन सांगा, भोपळा न्या

आण्णांच्या किराणा दुकानात काटा होता, पण तो माझ्यासारख्या संशयी गिऱ्हाइकांसाठी. त्यांचा स्वतःचा भरवसा उजव्या हातावर. शेंगदाणे उचलायचे, तळहात जरा वरखाली करायचा आणि सांगायचं, "सव्वाशे ग्रॅम." काट्यावर टाकले की एखाद्या दाण्याचा फरक. मी लातूरहून पुण्याजवळ भुकूमला भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी तीनदा काट्याकडे पाहिलं. "बघा ताई, खुशाल बघा," ते म्हणाले. "त्यो खोटं बोलत न्हाई. मी बी न्हाई."

पुढे पौड रस्त्याला काचेचं भलंमोठं दुकान आलं. मग फोनवर बोट दाबलं की दहा मिनिटांत डाळ-तांदूळ दारात येऊ लागले आणि आण्णा दुपारभर माश्या मारत बसू लागले. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. या गृहस्थांनी मुठा गावच्या आपल्या बहिणीकडून एक लाल भोपळा आणला, दारातल्या शिंक्यात ठेवला आणि खडूनं पाटी लिहिली : 'वजन सांगा, भोपळा न्या.' अंदाज काट्याशी जुळला तर भोपळा फुकट, शिंक्यात दुसरा. चुकला तर हातावर गुळाचा खडा. "माणूस आधी दारात आला पायजे," ते म्हणायचे. "हसत आला की दोन जिन्नस जास्तीच घेतोय."

आणि लोक आले की. रविवारी सासवा-सुनांच्या पैजा लागायच्या. एक सासूबाई भोपळा कडेवर घेऊन म्हणाल्या, "माझी नात याहून हलकी होती." आण्णा म्हणाले, "मग नातीचं वजन सांगा, त्यात भर घालू." दोन महिने दुकानानं जरा बाळसं धरल्यासारखं वाटलं.

पण लोक मेले लबाड. भोपळ्याबरोबर फोटो काढायचे, गूळ चघळत घरी जायचे आणि किराणा फोनवरून मागवायचे. लोक कशाला, मीच. एका दुपारी पिशवीवाल्याला आमची इमारत सापडेना, तेव्हा तो माझी पिशवी आण्णांकडेच टाकून गेला. आण्णा ती घेऊन दोन जिने चढून आले. दार उघडलं तर पिशवी त्यांच्या उजव्या हातात. "चार किलो दोनशे," ते म्हणाले. "जड हाय, सांभाळून घ्या." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला त्यांना पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

दिवाळीआधी त्यांनी दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा शिंक्यात एकच भोपळा उरला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "सांगा."

"तीन किलो," मी काहीतरी बोलले.

"बरोबर," काट्याकडे न बघताच ते म्हणाले. "घेऊन जा."

घरी वजन केलं. साडेचार किलो भरला. तो भोपळा मला चिरवेना. ओट्याखाली तसाच कितीतरी दिवस पडून होता.

आता आण्णा आमच्याच सोसायटीच्या गेटवर असतात, वॉचमनचा निळा शर्ट घालून. सगळ्यांच्या पिशव्या तिथंच येऊन पडतात. परवा माझी पिशवी त्यांनी उचलली तेव्हा मला राहवलं नाही. जुनी गंमत परत यावी म्हणून विचारलं, "आण्णा, किती भरंल?"

त्यांनी पिशवी डाव्या हातानं पुढे केली.

"पिशवीवर लिवलेलं असंल, ताई."