रंजना नाटक करत नव्हती

माझी बहीण मरायला टेकली होती आणि आम्ही तिला मारत होतो.

आज रंजनाचा स्मृतिदिन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा तिगाव स्टेशनवर पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. रंजू नऊ वर्षांची, मी तेरा.

रोज सकाळी उठली की उलटी. मग डोकं धरून बसायची. दुपारी बरी.

"शाळेची येळ झाली का हिचं डोकं दुखते," आत्या म्हणायची. "नाटकं करून राहिली पोट्टी."

मीही तेच म्हटलं. लपवत नाही.

पुढे तिचा झोक जायला लागला. अक्षर बिघडलं. प्रार्थनेच्या रांगेत पडली, तर बाईंनी छडी काढली.

"मुद्दाम नाई करून राहिली बाई मी. पायच ऐकत नाई."

छडी बसलीच.

पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरने जंताचं औषध दिलं. तीनदा! मेंदूवरचा दाब डोळ्यांच्या तपासणीत दिसतो, पण डोळे एकदाही तपासले नाहीत.

पॅसेंजरने नागपूरला नेलं, तोवर तिला एकाचे दोन दिसत होते. स्कॅन झाला. लहान मेंदूत गाठ.

ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी ती गेली.

आणि घरी आल्यावर आत्या चारचौघांत आईला म्हणाली, "पोटात होती तवा गिऱ्हानात भाजी चिरली तूनं. भोग आता."

रोज बुद्धवंदना म्हणणारं घर आमचं. आणि तोंडी ग्रहण!

आईने मान खाली घातली.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीने आईला समोर बसवलं. ती लहान मुलांच्या कॅन्सरची डॉक्टर आहे.

"आजी, बाळ पोटात असताना त्याच्या मेंदूच्या पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारी रसायनं असतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पेशी वाढतात, शहाण्या होतात, मग थांबतात. काही लेकरांच्या पेशी थांबतच नाहीत. त्याची गाठ होते. असं का होते, आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण भाजी चिरल्यानं होत नाही. तुझ्यामुळं झालं नाही."



आई म्हणाली, "मंग एवढे वर्सं मी कायले मान खाली घातली व?"



आत्या वारली. डॉक्टरही वारला. भांडू कोणाशी?

तुमच्या घरातलं लेकरू रोज सकाळी उलटी करत असेल, त्याचा तोल जात असेल, तर आधी डॉक्टर गाठा. एकाने उडवून लावलं तर दुसरा गाठा. अक्कल मागून शिकवा.

रंजू, तुझी ताई तुझी माफी मागते.

जय भीम, पोरी.