हबीबचाचांचे कागद

शिंदखेड्याच्या आसपासच्या दगडखाणींत हबीब पिंजारी यांनी बेचाळीस वर्षे सुरुंगाची भोके पाडली. सुरुंग उडाला की काळ्या पाषाणात कधीकधी पोकळी उघडी पडते आणि आत हिरवे-गुलाबी स्फटिक दिसतात. बाकीचे मजूर त्यांना गारगोट्या म्हणून ढिगाऱ्यात लोटत. हबीबचाचा मात्र जेवणाच्या सुट्टीत ते छिन्नीने सोडवत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलवरून घरी नेत. त्यातले पुष्कळ व्यापाऱ्यांमार्फत परदेशी गेले. चिठ्ठीवर फक्त ‘जळगाव’ असे, कारण गिऱ्हाइकांना तेवढेच नाव ठाऊक. खाण कोणती आणि हात कोणाचा, हे कोणी विचारलेच नाही.

यंदा जळगावला रत्ने, खनिजे आणि जीवाश्मांचे मोठे प्रदर्शन भरायचे होते, तेव्हा प्रथमच एका संग्रहालयाच्या अधिकारी कोकिळाताईंनी ते विचारले. चाचांचा अपोफिलाइट नावाचा हिरवा स्फटिक शोधणाऱ्याच्या नावासह संग्रहात घ्यायला त्या तयार होत्या. तो कोणत्या खाणीतून आणि कधी निघाला, याचा लेखी पुरावा मात्र हवा होता. पुरावा आहे, असे चाचांनी मला फोनवर सांगितले होते. मी ते म्हाताऱ्या माणसाच्या बढाईत जमा केले. चार वर्षे मी खाणमजुरांचा इतिहास शोधतो आहे. मजूर नोंदी ठेवत नाहीत, असा निष्कर्ष दोन चर्चासत्रांत मांडलाही आहे.

पहिल्या दिवशी मदतीला म्हणून मी सकाळी लवकर प्रदर्शनात चाचांच्या टेबलापाशी पोचलो. चाचा प्रवेशपत्र आणायला रांगेत उभे होते. तेवढ्या वेळात मी त्रेसष्ट पुडकी सोडली, दगड ब्रशने झाडले, क्रमांक दिले आणि एकसारख्या अक्षरांत छापलेली कार्डे मांडली. कागदांचा गठ्ठा फाटकाजवळ भजी तळणाऱ्या सुनंदाबाईंना देऊन आलो. रद्दीचा सदुपयोग केल्याचे समाधानही मला वाटले.

चाचा आले. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिले.

“कागद कुठे?”

“टाकले. जुने होते.”

ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी शांतपणे सांगितले, ते असे: प्रत्येक खाणीजवळ चहाची टपरी असे. पेपरवाला टपरीचे नाव पेन्सिलने कोपऱ्यात लिही. ज्या दिवशी दगड निघे, त्या दिवशीचा त्या टपरीचा पेपर मागून चाचा दगड त्यातच बांधत. पेन्सिलीवरून खाण कळे, छापलेल्या तारखेवरून दिवस. पुडके पुन्हा सोडायचे नाही, एवढाच नियम.

मी फाटकाकडे धावलो. निम्म्याहून जास्त कागद भज्यांसह गिऱ्हाइकांच्या हाती गेले होते. सुनंदाबाई म्हणाल्या, “तुम्हीच म्हणाला होता, कोरडे आहेत, खुशाल वापरा.” एका कुटुंबाकडे मी हात जोडून भज्यांखालचा कागद मागितला. कढईशेजारी आणि लोकांच्या हातांत मिळून सत्तावीस कागद सापडले. वर्षानुवर्षे दगडावर आवळून बसलेल्या कागदाला त्याचा आकार आलेला असतो. चाचांनी एकेक कागद दगडावर बसवून पाहिला. अकरांची जोडी जुळली. हिरव्या दगडाचा कागद त्यांत नव्हता.

कोकिळाताई आल्या तेव्हा चाचांनी खाण, टपरी, वार, सगळे तोंडपाठ सांगितले. ताईंनी माझ्याकडे पाहिले. कागदाचा आधार नसलेली आठवण पुरावा मानू नये, असे त्यांना परवाच सविस्तर लिहून कळवणारा मीच होतो. त्यांनी तेही सांगितले, चाचांच्या देखत.

“पुरावा होता,” मी म्हणालो. “मी तो भज्यांना दिला.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा अर्ज पुढे केला. पुरावा कसला होता, कोणी आणि कसा नाहीसा केला, हे लिहून सही करा. चाचांची पद्धत दाखवायला हे अकरा कागद जोडा. मग त्यांचा शब्द मी पुरावा म्हणून धरीन, असे त्या म्हणाल्या. मी लिहिले. शोधणारा म्हणून हबीब पिंजारी यांचे नाव वर आले, खाणीचे त्याखाली. तिसऱ्या ओळीत माझे. कोणत्याही कायमच्या संग्रहातली माझी ही पहिली नोंद.

चाचांनी ती वाचून घेतली. टपरीचे नाव मी चुकवले होते, ते दुरुस्त करायला लावले. मग ताईंना अहिराणीत म्हणाले, “हाऊ शिकेल शे, हाईबी लिखी ल्या.”

मी शिकलेला आहे याचा पुरावा म्हणून ताईंनी माझी पदवी विचारली आणि नावापुढे लिहिली.