शेवटच्या पंगतीचा विषय

कलकत्त्यात बालीगंजला आमच्या इमारतीत दिगंबर शेणोलीकर तळमजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर. माझी खुर्ची सरकली की त्यांना कळायचं आणि त्यांच्या घरात भांडं पडलं की मला. एवढ्या शेजारात माणसाची बरीच माहिती जमते, आणि जमली की कुठेतरी सांगावी लागते.

त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातून खिदिरपूरच्या गोदीत कारकून म्हणून आले, ते परत गेलेच नाहीत. दिगंबरपंत इथंच जन्मले, इंटरपर्यंत शिकले आणि एका विद्यापीठाच्या कचेरीत चिकटले. कुठल्या ते सांगत नाही, तिथली दोन-तीन माणसं अजून माझ्याच ट्रामला असतात. तिथं एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. विद्वत्सभेची विषयपत्रिका तयार करायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं.

विद्वत्सभा म्हणजे नव्या अभ्यासक्रमांचा उंबरठा. आधी कुणी प्राध्यापक टिपण लिहितो, की बुवा अमुक विषय शिकवायला हवा. मग त्या विषयाचं अभ्यासमंडळ ते चाळतं, दोन शब्द खोडतं, चार घालतं. मग ते विद्वत्सभेपुढं येतं. तिथं मंजूर झालं की जुलैपासून वर्ग, नाही झालं की पुढच्या सभेला. सभा वर्षातून चार.

"अभ्यासक्रम चांगला का वाईट, यावर काही नसतं, चारुदत्तराव," पंत मला सांगायचे. "पत्रिकेवर कितवा आहे, यावर असतं."

त्यांचा हिशेब असा. पहिल्या विषयाला सगळे घरून वाचून आलेले असतात, तो झोडपला जातो. शेवटच्या विषयाला लोक छत्री शोधत असतात, कोरम राहत नाही. चहानंतरचा पहिला विषय मात्र राजा. हातात बशी, तोंडात गरम सिंगाडा, म्हणजे इथला सामोसा, विरोध करायला तोंड मोकळंच नसतं. ग्रंथपालनाचा डिप्लोमा त्यांनी असाच चहानंतर पार केला. मातीच्या परीक्षणाचा अभ्यासक्रमही. ज्यांचे अभ्यासक्रम पार झाले त्या प्राध्यापकांना वाटलं, आपण फार छान बोललो.

तर असा हा माणूस. एकोणीसशे चोपन्नच्या एकतीस मार्चला निवृत्त होणार होता आणि पेपर वाचत उरलेलं आयुष्य काढणार होता. पण त्रेपन्नच्या जूनमध्ये वाईहून पत्र आलं.

पत्र त्यांच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे आक्का म्हणायचे. नेहमी ती पंतांना लिहायची, या वेळी पाकिटावर नाव होतं सरोजचं. सरोज पंतांची एकुलती मुलगी, वय एकोणीस, कॉलेजात. मराठी बोलायची झकास, भांडायची त्याहून झकास, पण वाचता यायचं नाही, आणि हे आक्काला कुणी कळवलंच नव्हतं. शाळा सगळी बंगालीतून आणि इंग्रजीतून झालेली. आमच्याकडच्या बहुतेक मुलांची तीच गत. त्यामुळे आक्काची पत्रं संध्याकाळी पंत मोठ्यानं वाचायचे आणि बाकीचे ऐकायचे. मीही जिन्यात चप्पल शोधत ऐकायचो.

पंतांचा वाचायचा आवाज सभेतला. स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. त्या दिवशी त्यांनी वाचलं, "चिरंजीव सरोज हिस अनेक आशीर्वाद. दिगूनं तुझ्यासाठी नागपूरचा तो रेल्वेतला मुलगा पाहिला आहे असं कळलं. तुझ्या मनात नसेल तर मला मोकळेपणी कळव, मी दिगूला बघते. हे पत्र दिगूच्या दृष्टीस पडू देऊ नकोस."

इथं दुसरा कुणी थांबला असता. पंत अपुरं इतिवृत्त कधी वाचत नसत. त्यांनी त्याच आवाजात पुढं वाचलं, "वाचून झालं की फाडून टाक. कळावे, तुझी आत्या."

स्वयंपाकघरात सरोजच्या आईचं, शकुनवहिनींचं, लाटणं थांबलं. "वाचलंत का सगळं?" त्यांनी आतून विचारलं.

"वाचलं."

"मग आता फाडा. सांगितलंय तिनं."

सरोज मान खाली घालून बसली होती. पंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "नाहीये मनात?" तिनं मान हलवली. नागपूर त्याच आठवड्यात मागं पडलं.

ते प्रकरण तिथंच मिटायचं. पण दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर पंत मला म्हणाले, "पोरीला आलेलं पत्र बापानं वाचायचं, हे बरोबर नाही. मराठीचा अभ्यासक्रम पाहिजे."

"अहो, घरी शिकवा. बाराखडीच आहे ती."

"शिकवलं दोनदा. तिसऱ्या दिवशी ती रडते आणि चौथ्या दिवशी तिची आई मला बोलते. शिवाय घरी शिकलेलं टिकत नाही. ठराव नसतो ना."

म्हणाल तर विनोद, म्हणाल तर त्यांचा जन्मभराचा धर्म. मंजूर झाल्याशिवाय ज्ञान लागू होतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आणि मंजुरी घ्यायची तर आपण कचेरीत आहोत तोवरच, हेही त्यांना कळत होतं. त्यांच्या मागं मराठीसाठी कोण धावणार होतं? हातात नऊ महिने आणि सभा चार.

कारकुनाला अभ्यासक्रम सुचवता येत नाही. पंतांनी टिपण स्वतः लिहिलं आणि भाषांच्या अभ्यासमंडळावरच्या एका वयस्कर बंगाली प्राध्यापकांपुढं ठेवलं. त्यांनी न वाचता सही केली. पंतांच्या कागदावर न वाचता सही करायची, असा तिथला रिवाजच होता. मराठीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आठवड्यातून दोन संध्याकाळी, शेवटी परीक्षा. अभ्यासमंडळानं तो पंधरा मिनिटांत पुढं पाठवला. राहिली विद्वत्सभा, आणि तिची पत्रिका तर पंतांच्याच हातात.

मी निर्धास्त होतो. सप्टेंबरच्या सभेच्या दिवशी संध्याकाळी त्यांना फाटकातच गाठलं. "काय पंत, चहानंतर ना?"

"नाही. शेवटी."

"म्हणजे?"

"विषय क्रमांक एकोणीस. कोरम गेला होता. पुढच्या सभेला."

मला वाटलं, चुकून झालं. डिसेंबरच्या सभेला पुन्हा तेच, क्रमांक बावीस. तेव्हा मात्र मी खाली जाऊन बसलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे विषय मोक्याच्या जागी लावणाऱ्या माणसानं स्वतःचा विषय उकिरड्यावर नेऊन ठेवावा, याचा अर्थ काय?

"घरचा विषय आहे," पंत म्हणाले. "यजमानाचं पान शेवटच्या पंगतीला. आधी पाहुणे जेवून घेतात. माझ्या वडिलांनी खिदिरपूरला सत्यनारायण केला तरी ते सगळ्यांच्या शेवटी बसत."

"आणि शेवटच्या पंगतीला काय वाढलं जातं ते विचारा मला," शकुनवहिनी म्हणाल्या. "आमटीचं पाणी आणि भाताची खरवड. तीस वर्षं खातेय."

पंत हसले नाहीत. "पत्रिका माझ्या हातात आहे म्हणून माझा विषय वर? उद्या कुणी म्हणेल, शेणोलीकरांनी घरचं काम काढून घेतलं."

कुणीही म्हटलं नसतं. सभेतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की तो विषय त्यांचा आहे. सही प्राध्यापकांची होती. हे मी दोनदा सांगितलं, तर ते म्हणाले, "मला ठाऊक आहे ना."

जानेवारीची सभा. क्रमांक सतरा, कोरम नाही. आता राहिली मार्चची.

मार्चमध्ये कचेरीच्या नियमाप्रमाणे घडलं ते असं. निवृत्त होणाऱ्यानं महिनाभर आधी कामाचा ताबा पुढच्याला द्यायचा. पंतांच्या जागी आले हरिपदबाबू, चौदा वर्षं त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसलेले. मार्चची पत्रिका हरिपदबाबूंनी केली. पंतांकडं फक्त इतिवृत्त राहिलं, शेवटचं म्हणून, मानानं दिलेलं.

छापून आलेली पत्रिका पंतांनी उघडली आणि चष्मा कपाळावर गेला. मराठीचा विषय आठवा. चहा सातव्यानंतर.

पुढचा संवाद पंतांनी मला स्वतः सांगितला, म्हणजे तो शब्दशः खरा धरायला हरकत नाही. ते हरिपदबाबूंच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "हा विषय शेवटी घ्या."

"का, दादा?"

"घरचा आहे."

"कुणाच्या घरचा?" हरिपदबाबूंनी पानाची डबी उघडली. "पत्रिका आता माझी. या घरचा यजमान मी. तुम्ही एकतीस तारखेला जाणार, म्हणजे तुम्ही पाहुणे. आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात. तुमच्याकडे नाही?"

पंत आपल्या टेबलाशी परत आले. स्वतःच्याच नियमानं बांधला गेलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

सभा झाली. सातवा विषय रसायनशास्त्राचा, त्यावर दोन विभागप्रमुख पाऊण तास भांडले, एकानं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेला न्हाणीघर म्हटलं. मग चहा आला, सिंगाडे आले. आठवा विषय पुकारला. कुणीतरी घास गिळून विचारलं, "कलकत्त्यात मराठी शिकणार कोण?" प्राध्यापक महाशयांना, ज्यांची सही होती, आपण असं काही सुचवलं होतं हे तेव्हाच कळलं असावं, पण ते म्हणाले, "शिकतील. का नाही शिकणार?" आणि दुसरा सिंगाडा घेतला. तिसऱ्यानं एक दुरुस्ती सुचवली. किमान दहा विद्यार्थी मिळाले तरच वर्ग भरवावा, नाही तर अभ्यासक्रम आपोआप रद्द. मंजूर. दोन मिनिटं लागली. पंतांनी ते आपल्या हातानं लिहून घेतलं, दुरुस्तीसकट.

आता दहा माणसं. त्या कामाला मी निघालो, कारण घरोघर जायला मला निमित्तच हवं असतं. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींनी अभ्यासक्रमाचं कौतुक असं केलं की ऐकत राहावं. बँकेतले एक बदलीवाले साहेब म्हणाले, अगदी काळाची गरज. त्यांच्या मुलाची मात्र तेव्हा सतारीची शिकवणी होती. दुसऱ्यांच्या मुलीला सर्दी व्हायची. एका काकूंनी मलाच विचारलं, "मराठी शिकून काय, परत जायचंय थोडंच?" जुलै उजाडेपर्यंत आठ नावं झाली. नववं सरोजचं. दहावं मिळेना.

मी म्हटलं, माझं घाला. पंत म्हणाले, "तुम्ही मराठीत बी. ए. आहात. अर्जात खोटं लिहायचं नाही."

नाव भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी पंत स्वतःच विद्यापीठात गेले. हरिपदबाबूंनी नियम काढून पाहिले. वयाची अट नव्हती. वयाची अट घालायची राहिली ती पंतांच्याच टिपणात. मराठीचं कोणतंही प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हतं, तेव्हा तीही अडचण नाही. अर्ज भरला, क्रमांक दहा. जिथं एकतीस वर्षं सभेआधी दिवा-पंखा चालू आहे का ते पाहिलं, तिथंच बाकावर बसले, लेकीच्या शेजारी.

मला उगाच वाटलं होतं की शिकवायला तेच उभे राहतील. पण शिक्षक एम. ए. असावा, असं त्यांच्याच टिपणात पाचव्या कलमात होतं. शिकवायला मालतीबाई आल्या, एका अधिकाऱ्याच्या पत्नी, माणूस कडक. पंतांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "शेणोलीकर, बाजूला सांगू नका. तिला स्वतः वाचू दे."

मार्च पंचावन्नमध्ये परीक्षा. निबंधाला विषय होता 'माझा आवडता सण'. सरोजनं गणपतीवर दोन पानं लिहिली. पंतांनी अर्धं पान लिहिलं. ते मला मालतीबाईंनीच दाखवलं, परीक्षेची गुपितं त्यांच्याकडून माझ्याकडं कशी आली ते विचारू नका. "दिवाळी या सणावर विचार करण्यात आला. फराळाबाबत समाधान व्यक्त करण्यात आले. फटाक्यांसंबंधी निर्णय पुढील वर्षापर्यंत स्थगित. इतर विषय नसल्याने सण समाप्त झाला." शंभरात एकेचाळीस. सरोजला अडुसष्ट.

"पत्रिकेत विषय कितवा होता तुमचा?" मी विचारलं.

"निबंध शेवटचा होता," पंत म्हणाले. "घाईघाईत झाला."

मे महिन्यात वाईहून पाकीट आलं, सरोजच्या नावाचं. पोस्टमननं ते पंतांच्या हातात दिलं. मी जिन्यात होतो, चप्पल सापडत नव्हती. पंतांनी पाकीट उलटसुलट केलं, वजन पाहिलं आणि न फोडता तिच्याकडं दिलं. ती खिडकीशी उभी राहून वाचू लागली. सावकाश, ओठ हलवत, एका ओळीवर बोट ठेवून. मध्ये एकदा हसली. पंत पेपर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हतं.

वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली.

"काय म्हणते आक्का?" पंतांनी विचारलं.

"तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत, अप्पा."

पंतांनी मान हलवली आणि पेपरचं पान उलटलं. पत्र चार पानांचं होतं, पाठपोट.