गणपतीपर्यंतची अकरावी

आमच्याकडे घरातली मोठी गोष्ट गणपतीत ठरते. लग्न, वाटणी, छपराची कौलं बदलायची की पत्रे घालायचे, कुणाला मुंबईला न्यायचं, सगळं. चाकरमानी तेव्हा घरी असतात. पुरुष माणसं ओटीवर बसून ठरवतात आणि ठरलं की आत निरोप येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय. त्यात मला कधी वावगं वाटलं नव्हतं. लेकीची दहावी झाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कारण शाळा काही गणपतीची वाट बघत नाही.

तिच्या हायस्कुलात नववी-दहावीला तांत्रिक विषय होता. आठवड्यातून एक दिवस मुलांना लांज्याच्या तंत्रशाळेत नेत. आजूबाजूच्या गावांतल्या हायस्कुलांची मुलंही तिथे येत. त्या दिवशी ती घरी आली की हाताला लोखंडाचा वास असायचा आणि तोंड थांबायचं नाही. कानशीने पट्टी घासून सरळ कशी करतात, बोर्डाच्या आत वायरी कशा जातात, कुणाचा बल्ब लागला आणि कुणाचा फ्यूज उडाला. मी बोलकी नाही, पण ऐकायला मला आवडतं. तिचं ऐकताना माझ्या कितीतरी भाकऱ्या करपल्या.

त्याच तंत्रशाळेत अकरावी-बारावीला वायरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. निकाल लागला त्या दिवशी ती म्हणाली, "आई, मला तिथेच जायचंय."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आता काय घाई हाय? गणपतीत सगळी येतील, तेव्हा बघू."

"बघू" हा शब्द मला चांगला माहीत आहे. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे होती आणि पावसात पऱ्या भरायचा. शिकू नकोस असं मला कुणी म्हटलं नाही. पाऊस गेला की बघू, एवढंच म्हटलं होतं. पाऊस गेला, पण मग कुणी बघितलं नाही.

रात्री यांचा मुंबईहून फोन आला. हे म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर आहे. दादाला विचारायला हवं." यांचे दादा म्हणजे माझे थोरले दीर, भावोजी. त्यांचं म्हणणं मला ठाऊक होतं. ते मे महिन्यात आले होते तेव्हाच बोलले होते, की पोर मुंबईला आमच्याकडे राहील, तिथे कॉमर्स करील आणि घरात मदतही होईल. जाऊबाईंचे गुडघे दुखतात.

मी म्हटलं, "गणपतीपर्यंत प्रवेश बंद होतील."

"मग?"

"मग मी घेऊन ठेवते. गणपतीत नको ठरलं तर काढू."

हे हसले. "तू घेणार? बँकेत जायचं तर तुला सोबत लागते."

"लागते ना. लेकीला घेऊन जाईन."

आणि गेले. तंत्रशाळेच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पालक कुठे आहेत?" मी म्हटलं, "मी आहे." घरून निघाल्यापासून मनात हेच घोकत आले होते, तरी आवाज बारीकच निघाला. पण त्याला ऐकू गेला.

सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं नाही. वाडीतल्या बायका विचारायच्या, तर त्या सांगायच्या, "आमची गणपतीपर्यंत अकरावीत हाय."

श्रावणात एक गंमत झाली. मे महिन्यापासून आमच्या फ्रीजला हात लावला की मुंग्या यायच्या. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला होता. देवासमोरचा जुना पाट फ्रीजपुढे ठेवला आणि घरात नियम झाला, फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं राहायचं. पाहुणा आला तरी त्याला आधी पाटावर चढवायचो. सगळं घर त्या पाटाला सरावलं होतं.

तंत्रशाळेत त्यांना आपापल्या घरचं अर्थिंग कुठे आहे ते नुसतं बघून यायला सांगितलं होतं, हात लावायचा नाही. लेक मीटरपासून हिरव्या वायरीमागे चालत अंगणात गेली आणि तुळशीपाशी थांबली. वायर तिथे तुटून लोंबत होती. मग सगळं लक्षात आलं; फ्रीजमधली चुकार वीज जमिनीत जायची वाटच बंद होती. घराला वीज आली तेव्हा वायरमनने अर्थिंगचा पाइप तुळशीच्या बुडाशी पुरला होता, कारण तिथे रोज पाणी पडतं आणि जमीन ओली राहते. मे महिन्यात भावोजींनी हौसेने टाइल्सचं नवं वृंदावन बांधून घेतलं. तेव्हा तुळशीशेजारी गंजका पाइप बरा दिसत नाही म्हणून गवंड्याला तो उपटायला सांगितलं. गवंड्याने उपटला. आम्हीही म्हटलं, छान दिसतंय.

तिने हे शाळेत सांगितलं. तिचे सर म्हणाले, आपण प्रात्यक्षिक तिथेच करू. एका शनिवारी सर आणि तिच्या वर्गातली मुलं एसटीने आली. न्हाणीचं पाणी मागे अळवाच्या वाफ्यात जातं, तिथली जागा त्यांनी नव्या अर्थिंगसाठी पक्की केली. वरची माती संपली की आमच्याकडे जांभा दगड लागतो, त्यामुळे पहारीने खणता खणता मुलांचे हात सोलवटले. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायला लागली तशा सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मीठ घालता? माज्या घराचं लोणचं घालताव काय रे?"

मुलं हसून खाली बसली. सरही हसले. मी सगळ्यांना घावणे घातले. मुलं काम करत होती आणि माझी लेक त्यांच्यात उभी राहून, साधं पाणी मागावं तशा आवाजात, "पाना दे, पकड दे," म्हणत होती. मी मागच्या दारातून बराच वेळ बघितलं. हिला इथून कुणी हलवायचं नाही, हे माझं त्या दिवशी ठरलं.

गणपतीत सगळे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी फ्रीजपाशी गेले आणि मे महिन्यातल्या सवयीने खाली बघत म्हणाले, "पाट कुठाय?"

"लागत नाय आता," सासूबाई म्हणाल्या आणि वाती वळत बसल्या.

दुपारी आरती झाली, जेवणं झाली. पुरुष ओटीवर बसले. आत आम्ही बायका मोदकांचं आवरत होतो आणि लेक संध्याकाळसाठी नारळ खवत होती. बाहेरून भावोजींचा आवाज आला, "पोरीचं नाव काढून घेऊ. गौरी गेल्या की माझ्याबरोबरच येईल गाडीने. तिकडे कॉलेजात ओळख आहे माझी."

खवणीचा आवाज थांबला. लेक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, अर्थिंगचं सांग ना. काकांनीच पाइप काढायला लावला होता."

"नको," मी म्हटलं. "चार लोकांत माणसाची चूक काढून मिळवलेलं टिकत नाही. आणि आपल्या घरचं काम केलंस म्हणून तुला शिकू द्यायचं, असं थोडंच आहे?"

आमच्यात थोरल्या दिराशी सुना थेट बोलत नाहीत. काही सांगायचंच असेल तर जवळच्या पोराला म्हणायचं, "काकांना सांग, चहा ठेवलाय." भावोजी दोन हातांवर बसलेले असले तरी. इतकी वर्षं मी असंच केलं होतं. त्या दिवशी मी हात पुसले, पदर नीट केला आणि ओटीवर गेले.

सगळ्यांना वाटलं, चहा आला. यांचे चुलतभाऊ म्हणाले, "अगो, कप कुठायत?"

"चहा मागून येतोय. मला भावोजींशी बोलायचंय."

हे खाली लादीकडे बघत बसले.

मी म्हटलं, "भावोजी, तिची अकरावी मोडू नका. दोन वर्षं तिला इथेच शिकू द्या. मुंबईला ती नंतर येईल, तुम्हीच न्या. पण अर्ध्यात उठवून नको."

भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या जातीने वायरी जोडत फिरायचं? उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं लोकांना?"

"आहे ते सांगायचं. वायरिंगचं काम करते म्हणून."

"बोलायला लागलीस की गो तू!" चुलतभाऊ म्हणाले.

"बोलते मी पहिल्यापासून. तुम्ही ओटीवर असता, मी चुलीपाशी. ऐकू येत नसेल."

कुणीतरी हसलं. भावोजींनी पान लावायला घेतलं. "आणि हिच्या गुडघ्यांचं काय? तिकडे घरात माणूस हवं."

मला उत्तर सुचायच्या आत स्वयंपाकघरातून जाऊबाईंचा आवाज आला, खणखणीत. "माझे गुडघे मी बघते! पोरीची शाळा मोडून मला आयत्या पोळ्या नकोत. आणि ओ, पोळ्या तुम्हीपण लाटू शकता!"

आता सगळी ओटी हसली. भावोजींच्या हातातला चुना खाली पडला. त्यांनी यांना विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

यांनी मान वर केली. "प्रवेश हिने घेतला. हिलाच विचार."

हे एवढंच बोलले. मला तेवढं पुरलं.

भावोजींनी पान दुमडलं, तोंडात घातलं आणि बराच वेळ चघळलं. "आणि नाही जमलं पोरीला तर?"

"तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन."

"होऊ दे मग," ते म्हणाले आणि भजनाला पेटीवाला येणार की नाही ते विचारू लागले.

मी आत आले. जाऊबाईंनी मला पाटावर बसवलं आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. लेक परत खवणीवर बसली आणि इतका नारळ खवला, की संध्याकाळी वाडीत वाटायला लागला.

गौरी गेल्या, गणपती गेले. सोमवारी ती सकाळच्या एसटीने लांज्याला गेली. भावोजींची गाडी दुपारी होती. बॅगा बाहेर निघाल्या, मी दारात उभी होते. पायरी उतरता उतरता ते थांबले. आजूबाजूला पोर नव्हतं, मध्ये कुणीच नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, "तिला तिथे जेवणाचं काय?"

"डबा नेते," मी म्हटलं.