भोयर मॅडमचा सर्व्हर

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी भोयर मॅडम चांगला चालणारा सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. नागपुरातल्या एका इस्पितळाच्या संगणक विभागात मी नवी लागले होते. सगळं सुरळीत असताना हा उपद्व्याप कशासाठी, हे मला कळेना. विचारलं, तर त्या हाताची घडी घालून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आज चालू आहे म्हणून उद्या आपोआप चालू होईन, असं नसते वं. लाईट गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं."

सगळ्या इस्पितळाचं काम त्या एका यंत्रावर चाले. त्याच्यावर कुणाच्या नजरेस न येता बरेच छोटे प्रोग्रॅम राबत असतात. एक तपासणीचे अहवाल वॉर्डात पोचवतो, एक औषधांचा साठा बघतो. आम्ही त्यांना सर्व्हिस म्हणतो. यंत्र सुरू झालं की कोणत्या सर्व्हिसने आपोआप सुरू व्हायचं, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. मॅडमच्या वहीत प्रत्येक सर्व्हिसपुढे ती वापरणाऱ्या एका माणसाचं नाव असे. गुडघे दुखत असूनही त्या जिने उतरून, ती सर्व्हिस अजून लागते का, हे त्या माणसाला भेटून विचारून येत. "फोनवर माणूस हो म्हणून मोकळा होते," त्या म्हणायच्या.

मला हे जुनाट वाटे. बंद केल्यावर सर्व्हर पुन्हा उठायला फार वेळ लावतो, म्हणून मी एकदा मॅडमची वही न बघताच आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हिसची यादी चाळली. एका सर्व्हिसचं नाव नुसतं 'संदेश-दोन' होतं. 'संदेश-एक' केव्हाच बंद झालेली, तेव्हा हीसुद्धा जुनीच असणार असं धरून मी तिचं आपोआप सुरू होणं काढून टाकलं. त्या घडीला ती चालूच राहिली, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पुढच्या पहिल्या रविवारी मॅडम लग्नाला गेल्या होत्या. सर्व्हर मीच बंद-चालू केला. तो लवकर उठला, याचा मला आनंदच झाला.

सोमवारी सकाळी डायलिसिसच्या सिस्टर वर आल्या. त्यांचं एक मशीन दुरुस्तीला गेल्यामुळे चार रुग्णांची पाळी मंगळवारी ढकलली होती. असे निरोप रुग्णांच्या मोबाईलवर 'संदेश-दोन' पाठवायची. रविवारी रात्रीचा हा निरोप गेलाच नव्हता आणि चौघंही येऊन बसले होते.

मी काय केलं ते मॅडमला सांगितलं. त्यांनी लगेच सर्व्हिस सुरू केली, सर्व्हर उठताना तीही उठेल असं पुन्हा ठरवून ठेवलं आणि मला घेऊन खाली गेल्या. बाकावर त्या चौघांपैकी देवरावजी होते. नरखेडकडचे संत्रा बागायतदार, पहाटेच्या एसटीने आलेले. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती.

"देवरावजी, निरोप आमच्याकडून गेला नाही. चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या.

"मले वाटलं, माह्याच मोबाईलमध्ये काही बिघडलं," ते म्हणाले. "पोराले उगाच बोललो मी."

मॅडमनी डॉक्टरांना आणि सिस्टरांना विनवून संध्याकाळी जादा पाळी लावून घेतली. मला म्हणाल्या, "तू इथंच बस त्यांच्याजवळ." मी बसले. रात्री पाळी संपल्यावर देवरावजींना धड श्वास घेताना पाहिलं, तेव्हा मला रडू आलं.

या प्रकाराच्या अहवालात मॅडमनी लिहिलं, 'संगणक विभागाने न विचारता सर्व्हिस काढली. जबाबदारी माझी.' खाली सही केली.

"पण हे केलं मी," मी म्हटलं.

"तुझं नाव लिहून काय सुधरते वं? उद्यापासून ही वही घेऊन खाली जाय. कोणती सर्व्हिस कोणाची आहे, सगळं विचारून ये."

मी आठवडाभर इस्पितळ पालथं घातलं.

मॅडम निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांत, थोड्याशा आजारपणाने गेल्या. मी नंदनवनातल्या त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांचे यजमान म्हणाले, "तिचं काम मले कधी समजलं नाही." मग मी त्यांना तो सोमवार सांगितला. सर्व्हिस मीच बंद केली होती, हेही सांगितलं.

"हे सारं तिनं सांगितलं होतं मले," ते म्हणाले. "कोणाच्या हातून झालं म्हणून मी दोनतीनदा विचारलं. ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही."