व्हॉल्व्ह टेस्टरची वही

अमरावतीच्या आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात व्हॉल्व्ह तपासायचं एक मशीन होतं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतला काचेचा, दिव्यासारखा पेटणारा भाग. लोखंडी पेटी, वर व्हॉल्व्ह बसवायची भोकं, चार बटणं आणि एक मीटर. व्हॉल्व्ह बसवायचा, त्याच्या नंबराप्रमाणे बटणं फिरवायची. काटा हिरव्यात गेला तर व्हॉल्व्ह चांगला, लालात राहिला तर गेला कामातून. त्या मशीनचा मला भयंकर संताप यायचा. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत मी त्याच्यापुढे, आणि भातकुलीपासून धारणीपर्यंतची माणसं आपापले मुके रेडिओ घेऊन माझ्यापुढे. दहा वर्षं हेच चाललं होतं.

मग मला नागपूरला सरकारी नोकरी लागली. पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. दुकान त्यांनी उभं केलेलं, पण मोतीबिंदूनं नजर गेल्यातच जमा होती, म्हणून चालवत होतो मी.

"जाय ना," ते म्हणाले. "मी कावून अडवू तुले? पन पयले हे मशीन वीक. मशीन हाय तवर लोक येतीन, अन् मी आंधळा मानूस त्याईले काय सांगू?"

म्हणणं रास्त होतं. हजर व्हायला पंधरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी मशीन सतरंजीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि एसटीनं अकोला गाठलं. तिथल्या एका रेडिओ विकणाऱ्याला ते हवं होतं. माणूस दिलखुलास, पण स्वतः कारागीर नव्हता. त्यानं एकेक व्हॉल्व्ह पुढे केला, मी फटाफट बटणं फिरवून निकाल दिला. गडी एकदम खूश.

"वा भाऊ! अन् याचं पुस्तक कुठी हाय?"

कोणत्या व्हॉल्व्हला कोणतं बटण किती फिरवायचं, याचं पुस्तक मशीनबरोबर येतं. आमचं वाळवीनं खाल्लं होतं. आकडे मला पाठ होते, पण ते वहीत उतरवून ठेवले नव्हते. आळसानं नाही, माजानं. माझ्यावाचून हे मशीन कोणाला चालत नाही, याची मला केवढी ऐट! घ्या आता, मी मनात म्हटलं, भोगा.

"बिनपुस्तकाचं मशीन घेऊन तुमालेच ठेवून घेऊ का इथं?" तो हसला. "लिवून आना, मी घेतोच."

घरी येऊन लिहायला बसलो. रोजच्या कामातले व्हॉल्व्ह दोन दिवसांत संपले. अडलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जुन्या व्हॉल्व्हपाशी. ते बाबांच्या काळातले, त्यांना विचारण्यावाचून इलाज नव्हता. ते बाजेवर बसून सांगायचे, मी खाली बसून लिहायचो. काय पाठ होतं हो त्या माणसाला! मध्ये कुठे अडखळणं नाही, डोकं खाजवणं नाही.

खेड्यात बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या रेडिओच्या एका व्हॉल्व्हची पाळी आली. "पयलं बटन सहावर," बाबा म्हणाले. पहिलं बटण व्होल्टचं. माझा हात थांबला. बॅटरीवरचा एवढा नाजूक व्हॉल्व्ह, त्याला सहा व्होल्ट? मला वाटलं, दोन असतील. ताडून पाहायला तसला व्हॉल्व्ह दुकानात नव्हता. आणि आमच्या घरात बाबांनी सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती. आता तर नजरही गेलेली. तुम्ही विसरलात, असं त्यांच्या तोंडावर म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी सहा लिहिलं.

वही घेऊन पुन्हा अकोला. "आता तुमी हात नका लावू," दुकानदार म्हणाला. "मी वही पाहून चालवतो." पहिले चार व्हॉल्व्ह बरोबर निघाले. पाचवा त्यानं कपाटातून काढला, कापसात जपून ठेवलेला. बाळापूरच्या गिऱ्हाइकाचा, बॅटरीवरचा. त्यानं वहीत पाहून पहिलं बटण सहावर नेलं. "थांबा" माझ्या तोंडातून निघेपर्यंत व्हॉल्व्ह लख्ख पेटला आणि विझला.

"आता असा दुसरा मी कुठून आनू?" तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, वही दुरुस्त करून देतो. "राहू द्या भाऊ. बाकीची वही खरी हाय, हे मले कोन सांगन?" त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली.

परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावत होतो. म्हातारा माणूस, विसरला बिचारा. अजून पाच दिवस आहेत, मशीन घेणारा दुसरा कोणी शोधू.

बाबा दुकानात बाकावर बसले होते. मी मशीन टेबलावर ठेवलं. तो आवाज त्यांनी बरोबर ओळखला.

"कोनता जळला?" त्यांनी विचारलं.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे ते विसरले नव्हते, सहा जाणूनबुजून सांगितलं होतं. डोकं असं भणकलं की वही त्यांच्या अंगावर भिरकावून द्यावी आणि तसंच स्टेशन गाठावं. वही मी टेबलावर ठेवली.

"बॅटरीवाला," मी म्हणालो.

"हं." ते बाकावर सरकले आणि माझ्या जागेवरची धूळ तळहातानं चाचपत पुसायला लागले. त्यांचं पुसून होईपर्यंत मी उभा राहिलो, मग मशीनपुढे माझ्या जागी जाऊन बसलो.